पायाळू बाळ, दुखरी कंबर आणि बारा भेटींचं पॅकेज

पत्र: ताई, मी मेलबर्नला टार्नीटमध्ये राहते. पहिलंच बाळंतपण, ३१वा आठवडा चालू आहे. गेले तीन आठवडे जांघेत आणि कमरेखाली अशी कळ येते की पलंगावर कूस बदलताना तोंडातून आवाज निघतो. मागच्या आठवड्याच्या सोनोग्राफीत बाळ पायाळू दिसलं. ऑफिसातली मैत्रीण एका कायरोप्रॅक्टरकडे (हाताने मणके, सांधे दाबून उपचार करणाऱ्याकडे) जाते, म्हणून मी तिथे चौकशी केली. ते म्हणाले, कमरेची हाडं जागेवर आणली की बाळ आपोआप फिरेल. बाळंतपणानंतर माझी आणि पहिल्याच आठवड्यात बाळाचीही तपासणी करू, कारण जन्मताना बाळाचे मणके सरकतात आणि त्यातून पुढे पोटदुखी, रडारड, झोप न लागणं सुरू होतं. बारा भेटींचं पॅकेज घेतलं तर सवलत आहे. नवरा म्हणतो, घेऊन टाक. आई पुढच्या महिन्यात कराडहून येतेय. ती म्हणते, असलं काही नको, मालिश, शेक, धुरी, घुटी सगळं मी करते. मी कुणाचं ऐकू? – सई (नाव बदललं आहे)

प्रिय सई,

आधी तुझ्या कळीबद्दल बोलू, कारण रात्री तीन वाजता ओठ चावून कूस बदलणाऱ्या बाईला बाकीचं काही ऐकण्याचं त्राण नसतं. फिजिओथेरपिस्ट म्हणून तीस वर्षं मी गरोदर बायका आणि बाळंतिणींबरोबर काम केलं. तू लिहिलंयस तेच वर्णन, जवळजवळ त्याच शब्दांत, शेकडो जणींकडून ऐकलं आहे. साधारण पाचातल्या एका गरोदर बाईला हा त्रास होतो. "बाळंतपण म्हटल्यावर दुखायचंच" असं सांगून तुला कुणी गप्प बसवत असेल तर गप्प बसू नकोस. यावर उपाय आहेत.

कमरेचं हाडांचं कडं तीन ठिकाणी सांधलेलं असतं, मागे दोन बाजूंना आणि पुढे मधोमध. गरोदरपणात या सांध्यांना बांधून ठेवणारे पट्टे सैलावतात, वर पोटाचा भार वाढतो आणि शरीराचा तोल पुढे जातो. मग चालताना, जिना चढताना, एका पायावर उभं राहताना हे सांधे एकसारखे हलत नाहीत आणि भोवतालचे स्नायू त्यांना धरून ठेवता ठेवता थकतात. तुझं हाड कुठेही निसटून गेलेलं नाही. "जागेवर आणू" हे ऐकलं की आपण जागेवरून हललोय अशी भीती मनात बसते, आणि भीतीने स्नायू आणखी आखडतात. म्हणून हे पहिल्यांदा सांगते आहे.

आज रात्रीच करून बघ. कूस बदलायच्या आधी दोन्ही गुडघे वाकव आणि मध्ये एखादं पोस्टकार्ड धरलंय आणि ते पडू द्यायचं नाही, असे एकमेकांना चिकटवून ठेव. श्वास सोडत खांदे, पोट आणि गुडघे तिन्ही एकदम वळव. आपण एरवी आधी गुडघा टाकतो आणि मग कंबर ओढून नेतो. कळ निघते ती त्या ओढण्यात. वळून झालं की गुडघ्यांपासून घोट्यांपर्यंत मध्ये एक लांब उशी घे. झोप कुशीवरच, २८ आठवड्यांनंतर पाठीवर झोपायचं नाही. सलवार, पँट बसूनच घालायची. गाडीत बसताना आधी सीटवर टेकायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. सीटवर प्लॅस्टिकची पिशवी पसरलीस तर अंग सहज फिरतं. जिना एकेक पायरी, दुखरा पाय मागे ठेवून चढायचा. सुपरमार्केटची भरलेली ट्रॉली नवऱ्याने ढकलायची, हे त्याला माझं नाव सांगून सांग.

तुझं नाव ज्या हॉस्पिटलात घातलं आहे, तिथल्या मिडवाइफला पुढच्या भेटीत स्पष्ट सांग की कूस बदलता येत नाही, मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवा. गरोदर बायकांसाठीच्या फिजिओथेरपिस्ट असतात. ती तुला कमरेचा पट्टा नेमका कुठे आवळायचा ते दाखवेल (पोटावर नाही, खाली मांडीच्या खुब्यांच्या जवळ) आणि चार-पाच व्यायाम देईल. २०१५ मध्ये कोक्रेन या संस्थेने गरोदरपणातल्या कंबरदुखीवरचे सगळे अभ्यास एकत्र तपासले, त्यात व्यायामाने कंबरदुखी कमी होऊ शकते असं दिसलं. हाताने केलेल्या उपचारांचाही काही जणींना फायदा झाल्याचे अभ्यास त्यात आहेत. म्हणून कायरोप्रॅक्टरकडे जाऊच नकोस असं मी म्हणणार नाही. मोठ्या माणसाची पाठ दुखते आहे, कुणी हळुवार हात लावला आणि बरं वाटलं, तर त्यात वाईट काय?

पण माझ्या काही अटी आहेत आणि त्या मी सोडणार नाही. मानेला झटका देऊन कट्‌कन आवाज काढायचा नाही. मानेतल्या रक्तवाहिनीला इजा होणं फार क्वचित घडतं, पण घडलं तर पक्षाघातापर्यंत जाऊ शकतं, आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत या रक्तवाहिन्या एरवीपेक्षा नाजूक असतात. एक्स-रे काढायचा नाही. जे करतील ते तुला कुशीवर झोपवून किंवा बसवून करायला हवं. तुझी वार खाली असेल, रक्तस्राव झाला असेल, पाणी जात असेल, रक्तदाब वाढला असेल तर हॉस्पिटलच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय कुणाच्याही टेबलावर चढायचं नाही. आणि पॅकेज नाही म्हणजे नाही. दुखणं दोन-तीन भेटींत हललं नाही तर उपाय बदलायचा असतो. बारा भेटींचे पैसे आधी भरलेले असले की आपण नाइलाजाने जात राहतो.

डोकं फार दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, एकच पोटरी सुजून दुखायला लागली, दोन मांड्यांमधली जागा बधिर झाली, लघवीवरचा ताबा गेला किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर तो प्रश्न कंबरेचा राहत नाही. त्याच क्षणी हॉस्पिटल गाठायचं.

आता पायाळू बाळ.

आपल्याकडे पायाळू माणसाला केवढा मान! पाठीत उसण भरली की पायाळू माणसाला बोलावून पाठीवर लाथ मारून घ्यायची. माझ्या आजोळी शेजारच्या वाड्यातल्या एका काकांना या कामासाठी रात्री-अपरात्री उठवायचे आणि लोक खरोखर सरळ होऊन घरी जायचे. उसण बहुतेक वेळा दोन-चार दिवसांत आपली आपणच उतरते. काकांना श्रेय मिळायचं, कारण ते नेमके त्या दिवसांत भेटलेले असायचे. तुझ्या बाळाचंही असंच आहे. २८व्या आठवड्यात साधारण चारातलं एक बाळ पायाळू असतं आणि दिवस भरता भरता शंभरातली तीन-चारच तशी राहतात. म्हणजे बहुतेक बाळं काहीही न करता फिरतात. ३१व्या आठवड्यात पॅकेज घेतलेल्या बाईचं बाळ ३५व्यात फिरलं, तर ती मनापासून सांगणार की हाडं बसवली म्हणून फिरलं. ती खोटं बोलत नाही, पण पॅकेज न घेतलेल्या शेजारणीचंही बाळ फिरलेलं असतं.

तुला ज्या पद्धतीबद्दल सांगितलं ती बहुधा 'वेबस्टर' नावाची असावी. अमेरिकेतल्या लॅरी वेबस्टर या कायरोप्रॅक्टरने ती सुरू केली. त्यांनी बालकांसाठी स्थापन केलेली कायरोप्रॅक्टरांची संघटनाच आता सांगते की ही पद्धत आईच्या त्रिकास्थीसाठी, म्हणजे कण्याच्या तळाच्या तिकोनी हाडासाठी आहे, बाळ फिरवण्यासाठी नाही. बाळ खरोखर फिरवायची पद्धत वेगळी आहे. ३६व्या आठवड्यातही बाळ पायाळूच असेल तर हॉस्पिटलात, सोनोग्राफी आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवून, डॉक्टर पोटावरून हाताने बाळाला कोलांटी देतात. साधारण निम्म्या वेळा जमतं, पहिलटकरणीला त्याहून थोडं कमी. नाही जमलं तर सिझेरियन आहे, किंवा अनुभवी हातांत पायाळू प्रसूतीही होते. तेव्हा पुढचे पाच आठवडे बाळाला वेळ दे आणि ३६व्या आठवड्याच्या भेटीत हा विषय तू स्वतः काढ.

आणि आता मला जिथे जरा आवाज चढवावासा वाटतो, तिथे येते. पहिल्या आठवड्यातलं बाळ.

कायरोप्रॅक्टिकची सुरुवात १८९५ मध्ये अमेरिकेत आयोवातल्या डॅव्हनपोर्ट गावी झाली. डी. डी. पामर यांनी हार्वे लिलार्ड नावाच्या कमी ऐकू येणाऱ्या माणसाच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा त्यांचा दावा. कानाच्या नसा मानेतल्या किंवा पाठीतल्या मणक्यातून जात नाहीत. पण 'मणका जरासा सरकतो, नस दबते आणि त्यातून सगळे आजार होतात' ही कल्पना तिथून निघाली आणि आज तुझ्या न जन्मलेल्या बाळापर्यंत येऊन पोचली. २०१० मध्ये ब्रिटनच्या कायरोप्रॅक्टरांच्या नियामक परिषदेनेच सांगितलं की ही कल्पना इतिहासाचा भाग आहे, तिच्यामुळे आजार होतात असं म्हणायला संशोधनाचा आधार नाही. साध्या प्रसूतीतून आलेल्या निरोगी बाळाचे मणके सरकलेले नसतात. जन्मताना इजा झालीच असेल, हात हलत नसेल, गळपट्टीचं हाड मोडलं असेल, तर ती बाळंतपणाच्या खोलीतले डॉक्टर शोधतात आणि तिच्यावर हाडांचे आणि मुलांचे डॉक्टर उपचार करतात.

रडणाऱ्या बाळांवर हा उपचार करून पाहिलेला आहे. नॉर्वेतल्या बर्गेन इथला २००१ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास मला फार आवडतो. सतत रडणारी ८६ बाळं होती. काहींवर कायरोप्रॅक्टरने उपचार केले. बाकीच्यांना त्याच दवाखान्यात नर्सने कपडे उतरवून दहा मिनिटं नुसतं जवळ धरलं. आपल्या बाळाला काय मिळालं ते आईवडिलांना माहीत नव्हतं. उपचार झालेल्या गटातली सुमारे ७० टक्के बाळं सुधारली आणि नुसती धरलेल्यांतली ६० टक्के. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. पुढे २०१२ मध्ये कोक्रेनने अशा सहा अभ्यासांतली ३२५ बाळं एकत्र पाहिली. जिथे आईवडिलांना उपचार कोणता ते ठाऊक नव्हतं, तिथे ठाम फायदा दिसला नाही. रडणं सहाव्या आठवड्याच्या आसपास शिगेला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. त्या दहा मिनिटांच्या धरण्याला कुठलं पॅकेज लागत नाही, ते तुझा नवरा करेल. त्याचा शर्ट काढून, उघड्या छातीवर बाळ, वर पातळ दुपटं. हे त्याला आत्तापासून सांगून ठेव.

शिवाय हे तुझ्याच शहरातलं आहे. २०१९ च्या सुरुवातीला मेलबर्नमधला एक व्हिडिओ गाजला. दोन आठवड्यांच्या बाळाला कायरोप्रॅक्टरने घोट्यांना धरून उलटं लटकवलं होतं आणि पाठीवर स्प्रिंगच्या यंत्राने टिचक्या मारल्या होत्या. त्यानंतर ऑस्ट्रेलियाच्या कायरोप्रॅक्टर मंडळाने दोन वर्षांखालच्या बाळांच्या मणक्यांना झटका देण्यावर बंदी घातली. २०२३ च्या शेवटी ती उठवली गेली आणि आरोग्यमंत्र्यांनी आक्षेप घेतल्यावर जून २०२४ मध्ये पुन्हा लागू झाली. तुझ्या व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने २०१९ मध्येच केलेल्या तपासणीत इजा झाल्याची उदाहरणं फारशी सापडली नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण फायद्याचा पुरावाही अगदीच कमकुवत निघाला. क्लिनिकवाले म्हणतील, आम्ही झटका देत नाही, बोटाच्या टोकाने हलकं दाबतो. हलकं दाबणं बाळाला बहुधा बाधणार नाही. पण ज्या दुखण्याचा पत्ताच नाही, त्यासाठी पहिल्या आठवड्यात टाके ओले असताना तू गाडीत बसून का जायचं? आणि तिथे कुणी लसींबद्दल शंका पेरायला लागलं तर उठून निघून ये.

बाळ मान एकाच बाजूला ठेवत असेल किंवा एकाच बाजूने पीत असेल, तर त्यालाही नाव आहे आणि उपाय आहे, तो मुलांच्या फिजिओथेरपिस्टकडे. पिताना तुला टोचत असेल, बाळ सुटत असेल, तर स्तनपान सल्लागार. व्हिक्टोरियात माता-बाल आरोग्य सेवेची नर्स पहिल्यांदा घरी येते आणि पुढे साडेतीन वर्षांपर्यंत ठरावीक वयाच्या तपासण्या असतात, सगळं मोफत. तिला प्रत्येक शंका विचार.

तो उलट्या बाळाचा व्हिडिओ पाहून तुझ्या अंगावर काटा येईल. माझ्याही आला, पण मी थबकले ते दुसऱ्याच कारणाने. माझी मुलगी बारा दिवसांची होती तेव्हा पुण्यात आमच्या घरी मालिशवाल्या मावशी यायच्या. न्हाणीघरात पाटावर बसायच्या, पाय लांब करायच्या, पायांवर बाळ. तिसऱ्या दिवशी त्यांनी तिला दोन्ही घोट्यांना धरून उलटं उचललं आणि दोनदा झुलवलं. मुठीत तेल होतं. तिची टाच त्यांच्या मुठीतून जराशी सरकली, मी ते सरकणं पाहिलं. मी शिकलेली, सांधे आणि मणके पाठ असलेली फिजिओथेरपिस्ट, आणि मी काही बोलले नाही, कारण सासूबाई शेजारी उभ्या होत्या आणि "आमच्याकडे असंच करतात". आजही ती टाच मला दिसते. मावशी मायाळू होत्या, त्यांनी मला जेवढी झोप मिळवून दिली तेवढी कुणी दिली नाही. पण ते झुलवणं चूकच होतं.

म्हणून आईच्या बाबतीतही मी तीच फूटपट्टी लावणार आहे. तुझी मालिश तिला करू दे. पाठ, खांदे, पाय, भरपूर. सिझेरियन झालं तर टाक्यांवर आणि पोटावर हात नको, आणि एकच पोटरी दुखत असेल तर तिथे अजिबात नको. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपा, मऊ भात, मेथीची भाजी, सगळं येऊ दे. विमानतळावर मात्र बी-बियाणं, तुपा-दुधाचं सगळं कार्डावर जाहीर करायला सांग, नाहीतर दंड बसतो. पाणी कमी प्यायचा नियम मोडायचा, तहान लागेल तेवढं प्यायचं. पोट बांधायचं तर आधार वाटेल इतकंच, करकचून बांधलं की दाब खाली जातो आणि ओटीपोटाचा तळ, म्हणजे आतले अवयव खालून तोलून धरणारे स्नायू, आणखी खचतो. शेक गरम पाण्याच्या पिशवीचा. कोळशाची शेगडी नाही. मेलबर्नच्या थंडीत खिडक्या बंद असतात, बंद खोलीतला कोळशाचा वायू वास न येता माणूस मारतो. धुरीही नको. स्मोक अलार्म वाजेल हे सोड, इवल्याशा फुप्फुसांना तो धूर सोसत नाही.

बाळाची मालिश खोबरेल तेलाने, हलक्या तळहाताने, दूध प्यायल्यावर लगेच नाही. ती बाळाला आवडते, आजीलाही. उलटं धरणं, हवेत झेलणं, नाक ओढणं, छाती पिळून 'दूध काढणं', नाका-कानात तेल सोडणं हे नाही. छाती पिळल्याने गळू होतं आणि नाकातलं तेल फुप्फुसात जातं. आणि घुटी नाही. तुझ्या आईने सहाणेवर वेखंड, जायफळ, हळकुंड उगाळून तुला वाढवलं, तिला हे लागेल, मला कळतं. पण पहिले सहा महिने फक्त अंगावरचं दूध, आणि मध वर्षापर्यंत नाही, कारण त्यातल्या जंतूंमुळे लहान बाळाला जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. तिला म्हण, सहाण आण, मी तिच्यावर चंदन उगाळीन. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश ताप आला, हिरवी उलटी झाली, टाळू फुगली, बाळ मलूल होऊन पिईना, तर घरचा कुठलाही उपाय न करता थेट हॉस्पिटल.

क्लिनिकच्या माहितीपत्रकात 'समग्र काळजी' असं काहीतरी लिहिलं असेल. शब्द चांगला आहे. माझ्या मते त्यात तुझं मनही यायला हवं. आई परत गेल्यावर, नवरा कामावर गेल्यावर, टार्नीटच्या घरात दुपारी दोन वाजता तू आणि बाळ दोघंच असाल. सहाव्या आठवड्याच्या तपासणीला तुला बहुधा दहा प्रश्नांची एक चाचणी देतील, मनाची अवस्था विचारणारी. आपल्या मुली तिथे सगळं 'छान' लिहून येतात. तू खरं लिही. दोन आठवडे रडू आवरत नसेल, बाळ झोपलं तरी झोप येत नसेल, तर तपासणीची वाट न बघता नर्सला फोन कर. त्याच तपासणीत ओटीपोटाच्या तळाचंही विचार. खोकताना लघवी सुटते हे लाजून लपवू नकोस. ते सुधारतं, मी सुधारताना पाहिलं आहे.

आणि ३६व्या आठवड्यात डोकं खाली आलं की नाही, ते दोन ओळींत मला कळव. मी वाट पाहते.

तुझी,
ताई